साखरेची वाटी

वाटीच्या तळाशी चमचाभर साखर होती. काल शेजारच्या मालूकाकूंना आमटी दिली होती, तीच वाटी. काका गेल्यापासून त्या एकट्याच असतात. "एकटीसाठी काही करावंसं वाटत नाही गं," त्या दारातच म्हणाल्या, "पण वाटी रिकामी कशी देऊ?"

आत ओट्यावर मोबाइलवर माझा ग्रोथ मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स चालू होता. घरच्या मसाल्यांच्या धंद्यासाठी शिकतेय. एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा कसं येईल, ते सर समजावत होते. मी व्हिडिओ थांबवला. परत यायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, एवढंच तर ते मघापासून सांगत होते.

काकूंना आत बसवून त्याच साखरेचा चहा केला. त्या निघताना त्यांना थोडी उसळ देऊ लागले, तर म्हणाल्या, "थांब, माझं भांडं आणते."

मी ऐकलं नाही. उसळ माझ्याच वाटीत दिली.