पुसून दिलेला फोन

माझ्या उजव्या गालावर पहिली पुटकुळी आली तेव्हा मी अकरावीत होते आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं. नाक पप्पांचं, त्याला इलाज नव्हता, पण कातडी आईची आली होती, तुळतुळीत. त्यामुळे ती एक पुटकुळी मी फार मनावर घेतली नाही. पंधरा दिवसांनी तिच्या शेजारी दुसरी आली, मग कानाच्या दिशेने एक रांगच लागली. डाव्या गालावर मात्र काहीच नाही. पिंपल्स वर्गातल्या निम्म्या मुलींना होते, पण ते दोन्ही गालांवर, कपाळावर, जिथे जागा मिळेल तिथे होते. माझ्यासारखे एकाच बाजूला कुणाचेच नव्हते आणि मला त्याचीच भीती वाटायची.

आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो, कंपन्यांच्या अगदी शेजारी. पप्पा तिथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. इनकमिंग फुकट झाल्यावर त्यांनी उल्हासनगरहून एक जुना मोबाइल आणला, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला. घरात तो एकच फोन. सकाळी साडेसहाला पप्पांच्या शर्टाच्या खिशातून तो कंपनीत जायचा, दुपारी साडेतीनला परत यायचा आणि चारनंतर माझा व्हायचा.

बदलापूरला मांजर्लीत माझी एक मैत्रीण राहायची. तिच्या वडिलांना ऑफिसने लँडलाइन दिली होती, म्हणून फोन तीच करायची आणि आम्ही तास-दीड तास बोलायचो. काय बोलायचो त्यातलं आता एक वाक्यही आठवत नाही. फोन मी उजव्या कानाला लावून खांद्याने दाबून धरायचे, म्हणजे हात मोकळे राहायचे आणि जर्नलमधल्या आकृत्या काढता यायच्या. बॅटरी तापायची, गालाला घाम सुटायचा, केसांचं खोबरेल त्यात मिसळायचं. बोलणं संपलं की कव्हरवर माझ्या गालाचा तेलकट ठसा उमटलेला असायचा आणि गालावर कव्हरच्या कडेची लाल रेघ.

आईच्या मते हे सगळं एका मुलामुळे होतं. तो मुलगा कोण ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, कारण तो नव्हताच. पण या वयात गालावर पुटकुळ्या येतात त्या डोक्यात कुणीतरी असल्याशिवाय येत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. ती फोनवरच्या नंबरांची यादी तपासायची, त्यात मांजर्लीचाच नंबर वीस वेळा दिसायचा, तरी तिचं समाधान होत नसे. मी वैतागून एकदा म्हटलं की मग मुलगा मांजर्लीच्या त्या घरातच असेल, मैत्रिणीचा आजोबा. त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

मग एका रविवारी पेपरच्या पुरवणीत आलं की मोबाइलवर घाण बसते, घाम आणि तेल साठतं आणि तो गालाला घासला की तरुण मुलामुलींना पिंपल्स येतात. आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिला वाईटच वाटलं असणार, मुलगा हातचा गेला म्हणून. पप्पांनी मात्र तो कागद मागून घेतला, स्वतः पुन्हा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. फोन दिवसभर त्यांच्या खिशात असायचा. घाण आपल्याकडून जाते हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून घरी आल्यावर चहाच्या आधी ते फोन पुसायला बसू लागले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मोरिवलीत कुणाचा नवरा कुठल्या कंपनीत आहे हे घरात शिरल्याबरोबर कळायचं. रंगाच्या कंपनीतल्याच्या घराच्या खिडक्या दर दिवाळीला नव्या असायच्या, साबणवाल्याकडे बादलीभर तुकडे. चोरी असं त्याला कुणी म्हणत नसे. आमच्याकडे होतं ‘कंपनीचं पाणी’. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत मोरीच्या वर ठेवलेलं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, वासाला गोडसर. ग्रीस, ऑइलपेंट, शाईचे डाग, काहीही त्याने एका फटक्यात निघायचं. हातावर पडलं की गार लागायचं आणि बघता बघता उडून जायचं. शेजारीपाजारी वाटीभर मागून न्यायचे आणि आईला त्याचा अभिमान होता.

पप्पा त्याच पाण्याने फोन पुसायचे. कंपनीतून आणलेला चिंध्यांचा बोळा त्यात भिजवून आधी बटणं, मग स्क्रीन, मग कव्हर काढून आतून-बाहेरून. देवघरातली भांडीसुद्धा आमच्याकडे कुणी इतक्या निगुतीने पुसली नसतील. मग फोन माझ्या हातात द्यायचे. “पुसून दिलाय. लाव आता बिनधास्त.”

मी बिनधास्त लावायचे. महिन्याभरात पुटकुळ्या कानाखालून मानेपर्यंत उतरल्या. त्यांचं रूपही बदललं. आता त्या लाल नव्हत्या, पिकत नव्हत्या. बारीक काळे दाणे, दाबले तरी न हलणारे, कातडीच्या आत पेरल्यासारखे. मी मुलतानी माती लावली, कडुनिंब लावला, उल्हासनगरच्या बाजारातून एक क्रीम आणलं. रात्री झोपताना गाल उशीला लागला तरी चुरचुरायचा. पप्पा रोज माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन आणखी जोर लावून पुसायचे. पाणीही जास्त घ्यायचे.

मी माझ्या परीने हुशारी केली. फोन डाव्या कानाला लावायला लागले. उजवा गाल थोडा शांत झाला आणि मला वाटलं सुटले. पंचवीस दिवसांनी डाव्या कानासमोर पहिला काळा दाणा दिसला. तो दिसला तेव्हा मी कॉलेजला जायला निघाले होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि त्या दिवशी गेले नाही. ते माझ्या मागे लागलंय, मी कुठलीही बाजू पुढे केली तरी ते तिथे येणार, असं मला खरोखर वाटलं. त्यानंतर मी ओढणी गालापर्यंत ओढून शेवटच्या बाकावर बसू लागले. मैत्रिणीला सांगितलं, अभ्यास आहे, फोन करू नकोस. चेहरा असाच राहणार या कल्पनेने मी मोरीत नळ सोडून रडायचे.

शेवटी पप्पांनी सुट्टी टाकली आणि मला उल्हासनगरला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. बाई सिंधी, वयस्कर, मराठी-हिंदी एकत्र बोलणाऱ्या. त्यांनी भिंगातून दोन्ही गाल बघितले आणि फोन कुठल्या कानाला लावतेस ते विचारलं. घामाने, घासण्याने, गरम फोन दाबून धरल्याने या वयात पुटकुळ्या येतात, सुरुवातीच्या तुझ्या त्याच होत्या, त्या गेल्या असत्या, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी पप्पांच्या हातातला फोन मागितला, कव्हर काढलं आणि नाकाजवळ नेलं. हा कशाने पुसता, असं विचारलं. पप्पांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. कंपनीचं पाणी, बोळा, रोज चहाच्या आधी, सगळं.

डॉक्टरबाईंनी कव्हर टेबलाच्या कडेला लांब सरकवलं. मी त्या क्षणी पप्पांचा चेहरा बघितला नाही, कारण डॉक्टरबाई काय बोलणार ते मला कळलं होतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. काही केमिकल चामडीत शिरतात, तिथेच बसतात आणि असे दाणे आणतात. प्लॅस्टिक ते पिऊन ठेवतं. मुलीच्या गालाला तुम्ही ते रोज लावलंत. मग खुर्चीतून उठून त्या पप्पांच्या मागे गेल्या आणि त्यांनी पप्पांचा कान पुढे दुमडला.

“भाऊ, हे किती वर्षांपासून आहे?”

मी वाकून बघितलं. कानामागे, केसांच्या कडेने, मानेवर खाली शर्टात जाणारे तेच काळे दाणे होते. माझे मोजता येत होते, त्यांचे येत नव्हते. इतकी वर्षं त्याच घरात राहून मी ते एकदाही पाहिले नव्हते. पप्पा म्हणाले, कंपनीत सगळ्यांनाच असतं, घामोळं आहे ते. डॉक्टरबाई म्हणाल्या की घामोळं नाही, रक्त तपासा, लिव्हर बघा, आणि ते काम सोडा.

घरी येताना रिक्षात मोरिवलीच्या फाट्याजवळ मी धीर केला. “पप्पा, सोडा ना ती कंपनी.”

“आधी तुझा गाल बरा होऊ दे,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी बाटली गटारात रिकामी केली, कव्हर आणि बोळा लांब नेऊन टाकला, फोन साबणाच्या ओल्या फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून ते कामावर गेले. रक्त तपासायचा कागद कपाटात राहिला. मी आठवण करून दिली, दोनदा, फार तर तीनदा. मग माझे दाणे झडायला लागले. सात-आठ महिन्यांत गाल जवळजवळ साफ झाला, मी ओढणी खाली घेतली, पुढच्या बाकावर गेले. माझी सगळी नजर आरशात होती. खरं सांगायचं तर बरं वाटण्याच्या भरात मी त्यांच्याबद्दल विचारायचं बंद केलं, आणि तेच हवं असल्यासारखं त्यांनीही विषय काढला नाही.

पाच वर्षांनी माझी हळद होती. बायका मला लावून झाल्यावर वधूपित्याच्या मागे लागल्या. सगळे पुरुष बनियनवर होते, पप्पा एकटेच पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मावशी हसत हसत मागून गेली, शर्ट मानेपासून ओढला आणि हळदीने भरलेला हात आत घातला. तिचा हात तिथेच थांबला. तिने तो बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं. जिथून शर्ट ओढला गेला होता तिथे मला पाठ दिसली. खड्डे, गाठी, काळे दाणे. चांगल्या कातडीची बोटभरही जागा नव्हती. पप्पांनी शर्ट सारखा केला. त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा मला तेव्हा हळदीचा वाटला. ते माझ्यासमोर येऊन बसले, माझ्या गालावरची हळद अंगठ्याने थोडी बाजूला केली आणि निरखून बघितलं.

“बघ,” ते म्हणाले, “एक डागसुद्धा राहिला नाही.”