वहीतला माड

मी होडीत बसले की मला उलटी होते. कोळ्याच्या घरात जन्मून हे सांगायची पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. कारण उरणपासून रेवसपर्यंत आणि तिथून खाली किहीमच्याही पुढे, भर समुद्रात इंजिन रुसलं की बरेच तांडेल देवाच्या आधी माझी वही उघडतात. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. आणि त्याच्या हातातल्या फोनवर मी.

वही कागदाची नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचा फोनवर एक गट आहे. त्यात सकाळी फुलांचे फोटो, दुपारी पापलेटचा भाव, आणि मधेच कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला: 'इंजिन गरम होतंय, काय करू?' आठ जण उत्तर देत. पंधरा दिवसांनी दुसरा कुणी तोच प्रश्न विचारी, तेच आठ जण पुन्हा उत्तर देत. त्यातला एक चुकीचं सांगे, तोही पुन्हा तेच चुकीचं. मला हे बघवेना.

मी उरणजवळ कंटेनर ठेवतात त्या यार्डात ऑफिसला आहे. कुठला डबा कुठे ठेवलाय याची नोंद ठेवणं हे माझं काम. डबा हलला आणि नोंद हलली नाही, तर ट्रकवाले माझा उद्धार करतात. तेव्हा नोंद ठेवायची मला सवय आणि खोड दोन्ही आहे. मी गटातली सगळी उत्तरं निवडली, मासळी निवडतात तशी, कुजकी बाजूला काढून. इंजिन, गिअर, वायरलेस, जाळं ओढायचं यंत्र, खाडीत शिरायच्या वाटा, अशी पानं केली आणि कुणालाही उघडता येईल अशी इंटरनेटवर ठेवली. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी सक्तीच्या: कुणी करून बघितलं, आणि शेवटचं कधी बघितलं. 'माझ्या मेव्हण्याने ऐकलंय' असलं काही मी घेत नाही. यावरून दोन जण माझ्याशी अजून बोलत नाहीत. न बोलोत.

वहीचं पहिलं पान माझ्या बाबांचं होतं.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्याला चुकवून आत यायला एकच वाट, होडी कशीबशी मावेल एवढी. जीपीएस आता सगळ्यांकडे आहे, पण दांडा काही जीपीएसला विचारून सरकत नाही. म्हणून शेवटी डोळ्यांनीच यावं लागतं. बाबांनी सांगितलेली खूण अशी: देवळाचा कळस आणि त्यामागचा एकटा उंच माड एका रेषेत आले, की रेष न सोडता सरळ आत यायचं. बाबांनी ती त्यांच्या बापाकडून घेतली होती. मी ती लिहिली, वर देवळाचा फोटो लावला. सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान तेच. बाबा धक्क्यावर जाळं विणत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "माजं पान बगितलं का?"

मागच्या मे महिन्यात, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या आधी, एका सकाळी वारा फिरला. उरणकडची एक होडी आमच्या बाजूला होती. आसरा म्हणून ती आमच्या खाडीकडे वळली. तांडेलाने वही उघडली, बाबांची खूण वाचली, कळस आणि माड एका रेषेत धरले आणि ओहोटीच्या पाण्यात सरळ दांड्यावर चढवली. पाणी उतरलं तशी होडी कुशीवर पडली. आत सात माणसं. भरती येईपर्यंत ती लाटांचा मार खात होडीच्या काठाला धरून बसली. माणसं वाचली, इंजिनाचा पाण्याखालचा पंखा वाकला.

त्या तांडेलाचा आवाजातला निरोप मला ऑफिसात आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाय, वहीत माड लिवलाय. माड दिसला म्हनून वळलो. मी काय चुकलो का?"

मी आधी त्याच्यावरच चिडले. डोळे आहेत की भोकं, असं मनात म्हणालेसुद्धा. मग एकदम आठवलं. तो माड पान लिहिल्यानंतरच्या मोठ्या वादळात पडला होता. त्याच्या बुंध्याला वळसा घालून मी रोज बस पकडते. उरणच्या माणसाने बघितला तो दुसराच माड, वाडीच्या टोकाचा. शेजारचे पडल्यामुळे तो आता एकटा आणि उंच दिसतो.

मग आमचे लोक इतके दिवस दांड्यावर कसे चढले नाहीत? कारण आमचं कुणी ते पान वाचतच नव्हतं; उघडत ते बाहेरगावचे, आणि ते आमच्या खाडीत क्वचितच येत. ज्याला वाट माहीत आहे त्याने कशाला वाचावं? माड पडला, त्यांनी न बोलता दुसरं काहीतरी धरलं आणि पुढे चालू. डोक्यातली खूण हलली, वहीतली तिथेच उभी राहिली. आणि वही चालवणारी मी सगळ्या जगाला 'शेवटचं कधी बघितलं' म्हणून छळत होते, पण बापाला एकदाही विचारलं नव्हतं. त्या पानावर ती ओळ रिकामीच होती. माझी मलाच लाज वाटली.

गटातल्या एकाने सुचवलं, गुपचूप दोन शब्द बदल, म्हाताऱ्याला कशाला कळायला हवं? मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नवीन खूण तरी कुठली लिहिणार? बाबांना विचारलं तर ते भडकले.

"माड पडला म्हनून काय झालं? जागा हाय ना तिथं? मी आजबी माडावरच येतो."

"बाबा, नसलेल्या माडावर कसा येतोस?"

"चालीस वरसं आनतोय होडी. तू मना शिकव आता."

दोन दिवस घरात बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मी आल्याचा तुकडा तोंडात धरला आणि त्यांच्या होडीत जाऊन बसले. बाबांनी एक रिकामी बादली माझ्याकडे सरकवली. बाहेर जाताना तिचा उपयोग झाला. परत येताना मी समुद्राकडे बघितलंच नाही, बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. दांडा जवळ आला तशी त्यांची मान जरा वर झाली, नजर कळसाच्या मागे गेली आणि तिथेच ठरली. मी तिकडे बघितलं. कळसामागे शाळेच्या गच्चीवरची निळी पाण्याची टाकी होती, बरोबर पडलेल्या माडाच्या रेषेत.

"बाबा, आत्ता काय बघतोयस?"

"माड."

"कुठाय?"

त्यांनी बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. मग सावकाश खाली आणलं. होडी अगदी सुरेख आत आली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही वहीची वाचणी ठेवली. ही रीत मी त्या वर्षी सुरू केली. होड्या पाण्यात जायच्या आधी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे बसायचं, लांबचे फोनवर. मी एकेक नोंद मोठ्याने वाचायची. ज्याची नोंद, त्याने 'हाय' म्हटलं तर ती राहील, 'न्हाय' म्हटलं तर रेघ. गप्प बसला तरी रेघ. गिअरचं तेल झालं, वायरलेस झाला. माणसांनी काय काय कबूल केलं म्हणून सांगू! एक जण म्हणाला, त्याने लिहिलेली युक्ती त्याने स्वतः कधी केलीच नव्हती. हॉल हसून हसून लोळला.

मग खाडीचं पान आलं. उरणचा तांडेल फोनवर ऐकत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा मागच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. मी बाकीच्या नोंदी वाचल्या त्याच आवाजात वाचायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. 'देवळाचा कळस आणि त्यामागचा एकटा उंच माड...'

बाबा उभे राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. "माजी खून ऱ्हायली न्हाय. मना ते कललं न्हाय, ती माजी चूक." मग माझ्याकडे बघून: "लिव. कलस आनि शालेची निली टाकी. आनि जुनं पुसू नको, नुसती रेघ मार. माड होता ते कलू दे लोकांना."

फोनवरून उरणचा तांडेल म्हणाला, "काका, पुनवेनंतर मी येतो. तुमच्यासंगं आत येऊन बगतो, मंगच हाय म्हनीन." आणि तो खरंच आला. त्या नोंदीखालचा पहिला 'हाय' त्याचा आहे.

तेव्हापासून बाबा दर पौर्णिमेला मोठ्या ओहोटीला हातात बांबू घेऊन दांड्यावर चालत जातात, वाट तिथेच आहे का बघतात आणि मला एका शब्दाचा निरोप पाठवतात. मी तारीख घालते. त्या पानाएवढं ताजं पान माझ्या सबंध वहीत नाही, आणि मी ते वाटेल त्याला दाखवते.

मागच्या पौर्णिमेला मी ऑफिसात असताना निरोप आला. वाऱ्याचा आवाज, बांबू पाण्यात आपटल्याचा आवाज, आणि बाबा: "न्हाय. दांडा सरकला, टाकीची खून सोड. रेघ मार आत्ताच्या आत्ता, नवी संध्याकाली सांगतो." मी रेघ मारली, गटाला कळवलं आणि निरोप पुन्हा लावून ऐकला.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "काय गं, डोळे का पुसतेस? घरी काही वाईट?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझ्या बाबांनी आपली खूण खोडली. सगळ्यांच्या आधी."