उपरण्याखालचं ऑफिस

मी माझ्या सासऱ्यांवर हेरगिरीचा आरोप केला, तेव्हा त्यांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसऱ्याने त्यांना फारसं दिसत नव्हतं.

पण मला हसण्याआधी माझी परिस्थिती ऐका. मी पुण्याच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. कित्येक वर्षं आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत कॉट बेसिसवर राहायचो आणि शनिवारी एसटीने नगरला यायचो. आमची लेक मला 'शनिवारचे बाबा' म्हणायची. (ऐकायला गोड वाटतं. बापाला विचारा!) शेवटी साहेबांनी नगरच्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमधून काम करायला होकार दिला, पण एक अट घातली. घरी व्हीपीएनचा डबा बसवायचा, म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंत सगळी माहिती झाकूनपाकून जाईल. सोमवारी ऑफिसच्या मॅडम कनेक्शन तपासणार. चाललं तर घर, नाही तर पुन्हा कॉट.

ऑफिसने दोन डब्यांची नावं कळवली होती. त्यातला कुठलाही घ्या म्हणाले. आता 'कुठलाही घ्या' असं कोणी म्हटलं की मला दोन्हींचा संशय येतो. भाजीवालीने 'घ्या, गोड आहेत' म्हटलं की मी टोमॅटोसुद्धा परत ठेवतो. दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने दोन्ही डबे समोर मांडले. पहिल्याला चारी बाजूंनी जाळी होती.

"ही भोकं कशाला?" मी विचारलं.

"हवा खेळायला, साहेब. मशीन गरम होतं ना."

"आणि हवेबरोबर दुसरं काही आत शिरलं तर?"

दुकानदाराने जरा विचार केला. "झुरळ म्हणताय का?"

मी तो डबा बाजूला सारला. दुसरा डबा कसा गुळगुळीत, सगळीकडून बंद! दुकानदार म्हणाला, "हा चांगलाय, पण तापतो. उघड्यावर ठेवा. वर काही झाकू नका." सुरक्षेचा डबा, आणि म्हणे झाकू नका! यात ह्याचा काय फायदा असेल, याचा विचार करत मी तोच डबा घेऊन घरी आलो.

घरी सासरे होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. तिसगावला शेती, आणि उभा जन्म बैलबाजारात गेलेला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेले, त्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा आणि खांद्यावर उपरणं. हॉलमधल्या फळीवर मी डबा बसवत होतो, तेव्हा ते येऊन शेजारी उभे राहिले.

"जावईबापू, ह्यो डबा काय करतो म्हनायचा?"

सोप्या भाषेत समजावण्याची मला भारी हौस. मी म्हटलं, "अण्णा, बैलबाजारात तुम्ही सौदा कसा करता? रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. भर बाजारात शंभर माणसं बघतात, पण भाव फक्त दोघांनाच कळतो. तसंच हे. माझं ऑफिसचं काम म्हणजे रुमालाखालचा सौदा."

"असं व्हय!" अण्णा खूश झाले. डब्याभोवती एक चक्कर मारून, तो सगळीकडून चाचपून म्हणाले, "लई ब्येस. आता कुनाला कळू द्यायचं न्हाई."

मीही खूश झालो. बायकोला म्हटलं, "बघ, समजावणारा पाहिजे." शैलाने नुसतं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बेडरूमला आतून कडी लावून मी लॅपटॉप उघडला. (कडी सुरक्षेसाठी!) थोडा वेळ छान चाललं आणि मग कनेक्शन गेलं. बाहेर येऊन पाहिलं, तर डबा फळीवर जागच्या जागी. हात लावला तर गरम होता, पण वैशाखात आमच्या हॉलमधलं काय गरम नसतं? अण्णा खुर्चीत बसून होते. थोड्या वेळाने कनेक्शन आपोआप आलं. मी आत गेलो, कडी लावली, काम सुरू केलं. पुन्हा गेलं!

मी आधी वरच्या मजल्यावरच्या जोशींवर संशय घेतला, कारण त्यांनी जिन्यात मला "काय, आता घरूनच का?" असं विचारलं होतं. यांना कसं कळलं? मग शैलाच्या मिक्सरवर घेतला.

"चटणी वाटू नकोस!"

"का? चटणीतून माहिती बाहेर जाते?"

मग संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. अण्णा उपरणं डोक्याला गुंडाळून फिरायला गेले, की कनेक्शन खणखणीत. अण्णा घरी आले, की खलास! रविवारी मुद्दाम तपासून पाहिलं. अण्णा बाहेर, कनेक्शन चालू. अण्णा घरात, कनेक्शन बंद. त्यातच दुपारी अण्णा फोनवर हळू आवाजात बोलताना ऐकू आले.

"व्हय, आत बसल्यात. दार लावूनच काम चालतंय. न्हाई, न्हाई, कुनाला पत्ता न्हाई. म्या हाय ना हितं!"

काळा चष्मा! हळू आवाज! मी शैलाला बाजूला घेतलं. "तुझे वडील कोणाशी बोलत होते?"

"माझ्या काकांशी. का?"

"काही नाही," मी म्हटलं. रक्ताचं नातं असल्यामुळे शैलावरही आता विसंबून चालणार नव्हतं. रात्रभर मला कॉट दिसत होती.

सोमवार उजाडला. मॅडम व्हिडिओवर आल्या. बाजूला साहेब आणि आमचा अख्खा हिशेब विभाग. "छान दिसतंय. पाच-दहा मिनिटं असंच चालू राहू द्या," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा तसाच्या तसा थिजला!

या वेळी मी कडीचा आवाज न करता दार उघडलं, लॅपटॉप हातात घेतला आणि चवड्यांवर हॉलमध्ये आलो. आणि काय बघतो! डब्यावर अण्णांचं दुहेरी घडीचं उपरणं, आणि त्या उपरण्याखाली अण्णांचा हात!

मी लॅपटॉप टीपॉयवर आपटला आणि उपरणं ओढलं. डबा भाकरी भाजता येईल इतका तापला होता. उपरण्यानेच त्याला वारा घालत मी ओरडत सुटलो.

"अण्णा! खरं सांगा, माहिती कोणाला पुरवता? तिसगावात कोण आहे तुमचा? साहेबांचा माणूस आहे का? तो साहेब आधीपासून माझ्या वाईटावर आहे! त्याला मी घरी राहिलेलं बघवत नाही! स्वतःला घरी कोणी विचारत नाही, म्हणून दुसऱ्याला कॉटवर पाठवतो!"

अण्णा चक्रावले. "म्या कशाला कुनाला सांगू? तुमीच म्हन्लात, रुमालाखालचा सौदा हाय. बाजारात रुमाल उघडा पडला तर सौदा मोडतो. तुमी कडी लावली की म्या झाकायचो."

"आणि मी बाहेर आलो की?"

"तुमी भायेर आलात म्हंजी सौदा झाला. सौदा झाला की रुमाल उचलायचा."

"आणि हात कशाला आत?"

"लई गरम झालं हुतं. म्हनलं, जिवंत हाय का बघावं. लेकीचं घर हाय. जावई पुन्हा पुन्याला जाऊ नये, यवढंच आपलं."

त्या काळ्या चष्म्याकडे बघून मला इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. वाकल्यावर टीपॉय दिसला. डबा गार होऊन केव्हाच सुरू झाला होता. पडद्यावर मॅडम होत्या, हिशेब विभाग होता आणि अगदी मधोमध साहेब होते.

"कनेक्शन उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "आवाज तर फारच स्पष्ट येतोय."

साहेबांनी परवानगी दिली. (माणूस मोठ्या मनाचा आहे. हे मी आता सगळीकडे सांगतो, मोठ्याने!) लेक आता मला नुसतं 'बाबा' म्हणते.

डोळा बरा झाल्यावर अण्णा तिसगावला परत निघाले. बॅग उचलण्याआधी त्यांनी एक कोरा रुमाल माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "अण्णा, डबा आता उघडाच ठेवायचा आहे."

"डब्याला न्हाई, जावईबापू," अण्णा म्हणाले. "मीटिंग सुरू झाली की तोंडावर धरत जा."