सवचं ऊन पाणी आणि पोलादपूरची मोटार

महाडहून पोलादपूरला सर्व्हिस मोटार नवीनच धावू लागली होती, त्या चैत्रात मी डोंगरावरच्या कुडपणला अक्काकडे जायचं ठरवलं. अक्का माझी थोरली बहीण. वर्षभर तिचे गुडघे धरले होते. महाडजवळच्या सवच्या ऊन पाण्याच्या कुंडात एकदा अंघोळ व्हावी एवढीच तिची इच्छा, पण डोंगर उतरणार कशी? तिने निरोप धाडला, "मला नाय येववत, तर पानी तरी आन रे."

पहाटे सवला गेलो. कुंडात बुडी मारली, अडलेल्याला वाट दे म्हणून हात जोडले, कळशी भरून घेतली. तोंडाला फडकं बांधलं आणि ऊब टिकावी म्हणून कळशी घोंगडीत गुंडाळली. कुडपणपर्यंत पाणी ऊन राहील असं मला खरंच वाटत होतं.

महाडला मोटार बाजारपेठेच्या तोंडाशी उभी असे. सुटायची वेळ कुणी विचारत नसे. माणसं भरली की निघायची; त्या दिवशी भरता भरता दुपार झाली. जाणाऱ्याने शक्यतो पुढं बसावं, मागं धूळ फार. भाडं थोडं जास्त पडतं, पण डोळे वाचतात. भाकरी बरोबर असावी. ड्रायव्हर हसनभाई, मोटारही त्यांचीच. त्यांनी हँडल मारलं, मोटार थरथरली आणि आम्ही निघालो. याच रस्त्याने बैलगाडीतून कमरेचा खुळखुळा करून घेतलेला मी मनात देवाचे आभार मानत होतो.

मांडीवरची घोंगडी बघून शेजारच्या म्हातारीने विचारलं, "बाळ केवढं हाय रे?"

"बाळ नव्हे आजी, पाणी आहे."

"पान्याला घोंगडी? थंडी वाजते काय त्याला?"

सगळी मोटार हसली. मीही हसलो.

पुढं एका चढावर मोटारीच्या तोंडातून वाफ उसळली. हसनभाई उतरले. "पानी आटलं. डबा मगाशीच वतला." शेजारचा ओढा कोरडा, नदी खाली लांब. मागच्या बाकावर तान्ही मुलगी घेतलेली एक बाई होती. पोलादपूरहून तिला एकटीने डोंगरातली वाडी गाठायची होती, तीही उजेडात. ती उतरत्या उन्हाकडे बघत राहिली.

सगळ्यांच्या नजरा माझ्या मांडीकडे वळल्या. अक्कासाठी नेतोय, हे मी सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," हसनभाई म्हणाले. "बहिनीचं हाय. मी जातो नदीवर."

मी कळशीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. कुंडावर हात जोडताना मी काय मागितलं होतं ते आठवलं, आणि फडक्याची गाठ सोडली.

हसनभाईंनी कळशीला हात लावून तो कपाळाला लावला, मग बेतानं ओतलं. "अजून ऊन हाय की! थंड असतं तर तापलं इंजन तडकायचं भ्याव होतं."

"म्हंजे घोंगडी वाया नाय गेली," म्हातारी म्हणाली.

मोटार पोलादपूरला पोचली आणि ती बाई उजेडातच वाटेला लागली. मी तिथल्या देवळात पथारी टाकली. दुसऱ्या दिवशी कुडपण चढलो. वाट दमवते, पण वर वारा असा की शीण उतरतो. रिकामी कळशी अक्कापुढं ठेवून सगळं सांगितलं. तिने कळशीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मोटारीचं गुडघं तरी सुटलं ना?"

मी अजून तिथंच होतो, तेव्हा पोलादपूरच्या बाजाराला गेलेला शेजारी डोक्यावर पेट्रोलचा डबा घेऊन आला. "हसनभायनी दिलाय. सवला सोता जाऊन पान्यानं भरलाय. लय येळा धुतलाय म्हनले, पन वास जात नाय."

अक्काने पाणी चुलीवर ऊन केलं आणि नाकाला पदर लावून गुडघ्यांवर घेतलं. "आता भोंगा तेवढा वाजवायचा ऱ्हायला."

गुडघे पुरते सुटले नाहीत. पण मी निघालो तेव्हा ती काठी टेकत तुळशीपर्यंत आली. डबा तिने रिकामा पाठवला नाही, नाचणीने भरून दिला. सांडू नये म्हणून मी तो घोंगडीतच गुंडाळला आणि पोलादपूरला हसनभाईंच्या हाती दिला.

घरी आल्यावर घोंगडी धुतली, उन्हात टाकली. पेट्रोलचा वास गेला नाही. देवापुढं बसताना मी तीच अंथरतो.