मोकळ्या कणसाची ज्वारी

कोजागिरीला माहेरी आलेल्या भुलाबाईच्या डोक्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांची, म्हणजे ताटांची, खोपडी लागते, लहानसा मांडवच. बाकी कमी-जास्त चालतं. मातीची भुलाबाई नाक तुटलेली असली तरी चालते, गाणी अर्धी आली तरी चालतात. धांडे मात्र ज्वारीचेच, वर कणसं असलेले. भातकुलीकडच्या आमच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नसे. कापूस, तूर आणि ज्वारी, शेतात दुसरं होतं काय?

मग पावसाचं बिघडलं. मृगात यायचा तो आषाढात येऊ लागला, आणि आश्विनात दाणा भरायच्या वेळी आठ-आठ दिवस पडू लागला. ज्वारी काळी पडे. तिला बाजारात कोणी हात लावत नसे आणि तिची भाकर कडू लागे. लोकांनी सोयाबीन धरलं. मीही तीन वर्षं ज्वारी पेरली नाही. सासूच्या हातचं देशी बी माझ्याजवळ होतं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात, तोंड शेणानं लिंपलेलं. म्हटलं, बी कुठं पळून जातं?

तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या पोरींनी खोपडीला मक्याचे धांडे आणले.

"हे काय होय?"

"आजी, सारखेच तं दिसतात."

"तुई बहीण तुयासारखीच दिसते. मंग तिच्या घरी तू नांदाले जातं काय?"

पोरी हसल्या. त्यांच्यातली मोठी, दहावीतली, हसली नाही. म्हणाली, "मंग ज्वारी कुठून आणाव आमी? पुऱ्या गावात नाही. तुमच्या मडक्यात हाये म्हन्तात."

मला ते लागलं. बोल मी पोरींना लावत होते, आणि पेरा बंद केला होता मी.

उन्हाळा सरता सरता मडकं उघडलं. त्या पोरीनं शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवले. शाळेत शिकवलं होतं म्हणे. चौथ्या दिवशी बारदाना सोडला तर मोड आलेले दाणे अकरा.

"आजी, बी मेलं तुमचं."

"अकरा जिते हायेत ना."

तोंडानं असं म्हणाले, पण अजून एक वर्ष ठेवलं असतं तर सासूचं बी माझ्या हातानं संपलं असतं. मग सगळं मडकंच दाट पेरलं. मुलगा कुरकुरला, "माय, पाखरं खातीन." मी म्हटलं, पोरी राखतील. आणि राखलं त्यांनी. शाळेच्या आधी पाळीपाळीनं बांधावर उभ्या राहून गोफण फिरवायच्या आणि भुलाबाईची गाणी म्हणायच्या. अडलं की मला हाक. मोठी वहीत लिहून घ्यायची. मी चौथी शिकलेली, गाणी कधी लिहिली नव्हती. काही शब्दांचा अर्थ तिनं विचारला. मला येत नाही, असं सांगितलं.

आश्विनात सहा दिवस पाऊस लागला. सातव्या दिवशी आम्ही शेतात गेलो तर कणसं काळी. मी माघारी वळले. ती पोरगी तासातून, पेरलेल्या ओळीतून, चालत राहिली.

"आजी, इकडे या बरं."

काही कणसं मोकळी होती, खाली लोंबलेली, दाण्यादाण्यात बोट जाईल अशी. त्यांचे दाणे पांढरे होते.

"यातून पानी झरून जाते," ती म्हणाली. "वारा लागते."

सासूनं मला शिकवलं होतं की बियाण्याला मुठीसारखं घट्ट कणीस निवडायचं. मोकळी कणसं मी जन्मभर बैलांपुढं टाकली. तिला तसं सांगितलं.

"म्हंजे तुमीच हाकलली ही ज्वारी?"

"हो. मीच."

मोकळी कणसं सगळी मिळून बावीस भरली. चार दिवसांवर कोजागिरी. पाच खोपडीला दिली तर बियाला सतराच उरत होती. पोरगी म्हणाली, "भुलाबाईले काळी लावू."

"माहेरी आलेल्या पोरीले काळी ज्वारी दाखवतं?"

"घरात जे हाये तेच दाखवाव ना. तिले समजते पाऊस कसा झाला तं."

मी विळा घेतला आणि काळी कणसं धांड्यांसकट कापली. खोपडी काळ्या कणसांची झाली. गावातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. पोरींनी गाणी म्हटली, झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखलं आणि खाऊन घरी गेल्या.

बावीस कणसांचं बी मडक्यात घातलं, तोंड लिंपलं आणि मडकं त्या पोरीच्या घरी नेऊन ठेवलं. माझ्याकडे ठेवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. तीन वर्षं विसरणाऱ्या बाईजवळ बी ठेवू नये.

पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा उशिरानंच आला. मी दारात तुरी पाखडत होते. पोरगी मडकं कडेवर घेऊन आली, माझ्यापुढून आत गेली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "काका, आमच्या ज्वारीची तासं कोनती?"