उजवीकडून सुरू होणारा वर्ग

"ठैरा की जरा. लोखंड कुठं पळून चाललंय?"

कानशीवर घाईघाईने हात चालवणारा विद्यार्थी असो, सही घ्यायला आलेला कारकून असो, नाहीतर खुद्द मॅनेजरसाहेब असोत, मास्टरसाब उजव्या हाताची दोन बोटं वर करीत, मान जराशी वाकवीत आणि हे वाक्य म्हणत. समोरचा माणूस थांबे. न थांबून सांगतो कुणाला? मास्टरसाब तोवर चष्मा पुसायला लागलेले असत, आणि त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत आमच्या कारखान्यात कुठलंच काम पुढे सरकत नसे.

त्यांना नाव होतं, चांगलं भारदस्त होतं. पण आम्ही सगळे मास्टरसाबच म्हणत असू, तेव्हा इथेही तेच चालू द्या. तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर कुठल्याशा कचेरीतले पेशकार समजून बाजूला झाला असता. उंच, पाठीत थोडे वाकलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. नीट पाहिलं असतं तरच शेरवानीच्या खिशांच्या कडा खडूनं पांढऱ्या झालेल्या दिसल्या असत्या. जामबागेतलं जुनं मराठी घराणं. वाडवडिलांनी सरकारी दफ्तरात लेखण्या झिजवलेल्या. घरात बोलणं मराठी आणि लिहिणं उर्दू, असा त्या काळचा हैदराबादी कारभार. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दोन्ही गोष्टींबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

कारखाना हातपंपांचा. शेजारी गोरगरिबांची मोठी वस्ती. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, त्या वस्तीला एक पंप भेट दिला होता. हार घातले, नारळ फोडला, पेढे वाटले. उन्हाळ्याच्या तोंडाशी पंप बिघडला, आणि भिंतीपलीकडे पंपांचा कारखाना असूनही तो उघडू शकेल असा एक माणूस वस्तीत निघाला नाही. मोठे साहेब खजील झाले. "शेजाऱ्याला आपला पंप उघडता येत नाही, तर आपण कसला शेजार केला?" असं म्हणून त्यांनी मागचं गोदाम रिकामं केलं आणि वस्तीतल्या मुलांसाठी टेक्निकल वर्ग सुरू केला. मास्टरसाब त्या वर्गाचे पहिले शिक्षक. पुढे एक छोटा दवाखाना आला आणि वस्तीतल्या बायकांना लिहावाचायला शिकवण्याचा वर्ग आला. त्या बायकांच्या वर्गावर माझी नेमणूक झाली. नुकती मॅट्रिक झालेली मी चिक्कडपल्लीहून रिक्षाने यायची आणि स्वतःला फार मोठी विदुषी समजायची.

मास्टरसाब उर्दूत शिकवत. निजामी राजवटीत वरपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूत, त्यांचं स्वतःचंही तसंच झालेलं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी हाताने रंगवलेला एक लांबलचक तक्ता होता. पंप कसा जोडायचा, त्याची ओळीने काढलेली चित्रं. त्यात एक अक्षर नव्हतं. "वाचता न येणाऱ्यालाही समजलं पाहिजे," असं ते म्हणत. चित्रं इतकी सुरेख होती की बायकांच्या वर्गातल्या माझ्या विद्यार्थिनी पाणी प्यायच्या निमित्ताने ती बघायला जात.

मग रझाकारांचे दिवस आले. दिवेलागणीच्या आत सगळे घर गाठत. मास्टरसाबना जामबागेपर्यंत चालत जायचं असे. वर्गातले मोठे विद्यार्थी त्यांच्या मागेपुढे चालू लागले, त्यांत महबूब नावाचा एक दांडगा तरुण सगळ्यांत पुढे. मास्टरसाब वैतागत. "मी काय नवरी आहे का रे, वरात काढून पोचवायला?"

"बाताँ नक्को साब, चलो," महबूब म्हणे.

पोलीस अॅक्शन झाली, फौजा आल्या, निजामी संपली. शहरातल्या टोप्या बघता बघता बदलल्या. काल लाल तुर्की टोपी घालणारे आज पांढऱ्या टोपीत दिसू लागले. मास्टरसाबनी आपली टोपी काढून ठेवली आणि दुसरी घातलीच नाही. "डोकं तेच आहे. त्याला कशाला दर वेळी नवं झाकण?" म्हणाले.

वर्ग पुन्हा उघडला तेव्हा निम्मे बाक रिकामे होते. आता भिण्याची पाळी मुसलमान घरांवर आली होती. मास्टरसाब छत्री घेऊन नाल्यापलीकडच्या गल्ल्यांत गेले आणि एकेक दार वाजवत "तास आहे, चला" म्हणत फिरले. महबूबची आई दार अडवून उभी राहिली. "तुमीच लेके जारैं मास्टरसाब, तुमीच लाके छोडना."

"हौ अम्मा," मास्टरसाब म्हणाले. आणि कित्येक महिने संध्याकाळी ते पुढे, मागे मुलं, अशी ती वरात उलट्या दिशेने निघत राहिली. मी रिक्षात बसून ती पाहायची आणि माझे डोळे भरून यायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर चष्मा पुसत बसले असते.

अशात मॅनेजरसाहेबांनी बातमी आणली. नवं सरकार आपल्या वर्गाला मान्यता देण्याच्या विचारात आहे. मान्यता मिळाली की मुलांना सिकंदराबादच्या रेल्वेत, नाहीतर कुठेही, नोकरी मिळू शकेल. अट एकच. शिकवणं इंग्रजीत हवं. मास्टरसाबना इंग्रजी येत नव्हतं. येणार नसेल तर मद्रासहून दुसरा शिक्षक येणार, आणि मास्टरसाब जाणार गोदामात माल मोजायला.

त्यांनी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन खाकरून विचारलं, "बाई, मला इंग्रजी शिकवाल का?"

दर रविवारी ते चिक्कडपल्लीला आमच्या घरी येऊ लागले. येताना जामबागेतून माझ्या आईसाठी चमेलीचा गजरा आणत, तो पानात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवत, आणि शाळकरी मुलासारखे ताठ बसत. पहिल्याच दिवशी गाडं अडलं. मी शिकवलं, "होल्ड द फाइल." कानस धर. त्यांनी ते म्हटलं आणि काळजीने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, यात 'जी' कुठं आहे?"

"इंग्रजीत 'जी' नसतो."

"मग मुलांना असं दरडावायचं?"

नाइलाजाने मी म्हटलं, "प्लीज घाला." ती माझी चूकच झाली. पुढच्या रविवारी त्यांचा धडा असा होता: "प्लीज होल्ड द फाइल, प्लीज. प्लीज डू नॉट कट युवर फिंगर, प्लीज." आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. पण माणूस चिकाटीचा. हिवाळा संपेपर्यंत ते हळूहळू, दोन शब्दांच्या मधे दम घेत, का होईना, पण अख्खा तास इंग्रजीत घेऊ लागले. मला कोण अभिमान!

तपासणीचा दिवस उजाडला. नुकतीच एक नवी तुकडी वर्गात आली होती, इंग्रजी शाळेतून आलेली तेलुगू मुलं. तपासनीस मद्रासकडचे, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ठरवलं की पुढे हीच मुलं उभी करायची, जुनी उर्दूवाली मागे. मास्टरसाब दोन बोटं वर करून म्हणालेसुद्धा, "ठैरा साहेब, यांना येऊन आठवडा नाही झाला." पण त्या दिवशी चष्मा पुसायलाही सवड मिळाली नाही.

टेबलावर पंपाचे सुटे भाग मांडले होते. तपासनीस म्हणाले, "त्या तक्त्याप्रमाणे जोडून दाखवा." मुलांनी तक्त्याकडे पाहिलं आणि कामाला लागली. आधी दांडा झाकणाला बसवला. मग झाकण नळकांड्यावर घट्ट आवळलं. मग आत जायचा दट्ट्या हातात धरून उभी राहिली, कारण तो घालायला वाट कुठे होती?

मास्टरसाबना कळेना, ही मुलं शेवटापासून का निघाली. तपासनीसांनी तक्ता नीट पाहिला आणि नवलाने विचारलं, "तुम्ही इथे पंप खोलायला शिकवता का?"

मागून महबूबला राहवलं नाही. "उदर से नक्को रे, इदर से!" तो ओरडला.

तेव्हा कुठे उजेड पडला. मास्टरसाबनी चित्रं उर्दूच्या चालीने काढली होती. पहिलं चित्र उजव्या टोकाला, शेवटचं डाव्या. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इतकी वर्षं वर्गातला प्रत्येकजण उजवीकडूनच वाचत होता. नव्या मुलांनी आपल्या सवयीने डावीकडून सुरुवात केली. अक्षर नाही, तेव्हा सगळ्यांना समजेल, या भरवशावर राहिलेल्या माणसाची ही गत! तपासनीस मनापासून हसले, मुलं हसली, मीही हसले. मास्टरसाब तेवढे हसले नाहीत. ते मागे उभ्या असलेल्या जुन्या मुलांकडे बघत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं, आणि त्यांच्या इंग्रजीची साक्ष द्यायला मलाही.

"मान्यता मिळाली," साहेब खुशीत म्हणाले. "तुमचं इंग्रजीही त्यांना चालण्यासारखं वाटलं. जूनपासून सगळा वर्ग इंग्रजीत. तुम्हीच घ्यायचा."

"आणि माझी जुनी मुलं?"

"त्यांना इंग्रजी कुठं येतं? गाड्या भरायच्या कामावर घेऊ. उपाशी नाही ठेवणार."

"साहेब, त्यांचं शिक्षण अर्ध्यावर आहे."

"मला समजतं. पण मान्यतेच्या वर्गाचा शिक्षक पूर्णवेळ हवा, हा नियम आहे. दोन्ही वर्ग तुम्हाला देता येत नाहीत, आणि जुन्यासाठी नवा माणूस मी आणणार नाही."

मास्टरसाबनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "काल त्या मुलांनी झाकण आधी आवळलं. ती काही मठ्ठ नाहीत. सुरुवात कुठून करायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. उद्या माझी मुलं तशीच उभी राहतील, आणि त्यांना लोक हसणार नाहीत, सरळ हमालीला लावतील. मी जुना वर्ग घेतो. ती तयार झाली तर त्यांना कारखान्यात कामगार म्हणून घ्या, एवढा शब्द द्या."

"अहो, तो वर्ग संपला की तुमची जागाही संपते," साहेब कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"हौ. समजलं मला."

साहेबांनी शब्द दिला. बाहेर आल्यावर मी मास्टरसाबवर उखडले. इतके रविवार घातले ते काय यासाठी? मोठ्या माणसाशी असं बोलू नये हेही मी विसरले.

ते शांतपणे म्हणाले, "वाया नाही गेलं बाई. मला इंग्रजी येत नसतं तर कुणी विचारलंच नसतं, कुठला वर्ग घेता म्हणून." मी रडले, आणि ते रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मे महिन्याच्या उन्हात गोदामात बसून त्यांनी नव्या वर्गासाठी तो सबंध तक्ता डावीकडून उजवीकडे पुन्हा रंगवला. मद्रासहून शिक्षक आले, भले गृहस्थ होते. त्यांना बाकं कुठे ठेवायची, कुठलं यंत्र कधी रुसतं, हे मास्टरसाबनीच मोडक्या इंग्रजीत, भरपूर 'प्लीज' घालून समजावलं. मग आपल्या मुलांना घेऊन ते मागच्या पडवीत गेले आणि उर्दूत शिकवू लागले.

मुलं तयार होत गेली तशी कारखान्यात जात राहिली. साहेबांनी शब्द पाळला. पडवीतली बाकं एकेक करून रिकामी होत होती, आणि प्रत्येक रिकाम्या बाकागणिक मास्टरसाब जास्त खुशीत दिसत. मला ती खुशी बघवत नसे. शेवटी उरला महबूब आणि त्याच्यासारखे दोघेतिघे उतावळे. तेही पास झाले.

ते कामावर रुजू व्हायचे त्या सकाळी मी रिक्षातून उतरले तर मास्टरसाब कारखान्याच्या दाराशी उभे. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात छत्री. निळे कपडे घातलेले कामगार आत चालले होते. त्यांच्यातले किती त्यांचे होते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुणी वाकून सलाम करी, कुणी पायाला हात लावी. महबूब आला आणि आत जायचं सोडून त्यांच्यासमोर उभा राहिला. मास्टरसाबनी त्याची कॉलर सरळ केली आणि पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं.

भोंगा झाला. दरवान दार लावू लागला. मास्टरसाब बाहेरच उभे बघून तो म्हणाला, "आओ साब, अंदर आओ. भोंगा हो गया."

"नक्को भाई," मास्टरसाब म्हणाले. "मेरी क्लास अंदर चली गई."

दार लागलं. ते वळले आणि जामबागेच्या रस्त्याने चालू लागले. मी तिथेच उभी राहिले. काळी शेरवानी बराच वेळ दिसत होती. मग सिकंदराबादकडे जाणारी एक लॉरी मधे आली, आणि ती गेल्यावर रस्त्यावर कुणी नव्हतं.