कुंभकोणमला मी मराठीत बोलले

सेल्वीचं नाव बदललंय. तिला विचारूनच हे लिहितेय.

मूल हवं की नको हे बाईनंच ठरवावं, एचआयव्हीपासून बचाव आणि उपचार तिला मिळावेत, यासाठी आफ्रिकेतल्या देशांनी मिळून करार केलाय. तसा दक्षिण आशियात व्हावा म्हणून आम्ही काहीजणी मसुदा करतोय. त्याची बैठक कुंभकोणमला ठरली आणि मी नि तमिळ येणारी माझी मैत्रीण मेधा निघालो. तंजावरहून पॅसेंजर गाडी बरी. बस वाटेत पापनाशमला फार रेंगाळते. महामहम तळ्याजवळ साधे, स्वच्छ लॉज मिळतात.

बैठकीत सेल्वी बोलली. तिला एचआयव्ही आहे आणि पाचवा महिना चालू होता. गोळ्या नियमित घेतल्या तर बाळ निरोगी होऊ शकतं, तरी एका डॉक्टरनं मूल पाडायचा तगादा लावला होता. "नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. हे या खोलीबाहेर जाऊ नये," ती म्हणाली. तिचं तमिळ मेधा मला मराठीत सांगत होती. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिरुनागेश्वरमचं देऊळ बघून सेल्वी काम करते त्या साड्यांच्या दुकानात गेलो. मालकीणबाई मेधाशी तमिळमध्ये बोलल्या, खुर्च्या दिल्या. सेल्वी कॉफी आणायला गेली. मी मेधाला म्हणाले, "एचआयव्ही असून मूल ठेवतेय. काय धीर आहे हिचा."

मालकीणबाईंच्या हातातली साडी अर्धवट घडीतच राहिली.

"अम्ही तंजावरचे मराठीच," त्या म्हणाल्या. "घरांत हेंच बोलतों."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला काढू नका, हात लावल्यानं हे पसरत नाही, असं काहीबाही बोलत राहिले.

"काढत नाहीं. पण तुम्ही हें सांगायचें नव्हतें."

सेल्वी आल्यावर तिला बाहेर नेलं आणि मेधाकरवी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "बाळ झाल्यावर मीच सांगणार होते त्यांना. बाळ दाखवून."

परत आल्यावर मसुद्यातलं गुप्ततेचं कलम मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मेधाला दिलं.

परवा सेल्वीचा मेधाला फोन आला होता. नोकरी टिकली आहे. मालकीणबाई पूर्वी जेवायला जाताना छोट्या नातीला सेल्वीकडे सोपवायच्या; आता बरोबर घेऊन जातात. नात मात्र त्यांच्या खांद्यावरून सेल्वीकडे हात करत रडते.